हेगड्यांचं कषाय

विघ्नेश्वर हेगड्यांनी कषायाचं पातेलं चुलीवरून उतरवलं, फडक्यातून गाळलं, वर दूध ओतलं आणि पेला डॉक्टर शाल्मला उडुपांच्या पुढ्यात ठेवला. एक घोट घेतल्यावर शाल्मलाचा चेहरा पडला.

"तिखट झालंय का?" हेगड्यांनी विचारलं.

"नाही. उत्तम झालंय."

उत्तम झालं होतं, हीच पंचाईत होती. धने-जिरं खमंग भाजलेलं, गूळ बेताचा, मिरी घशाला नुसती ओळख देऊन जाणारी. वाईट झालं असतं तर हे रोज करत नाहीत असं तरी म्हणता आलं असतं, आणि शाल्मलाला शिवमोग्ग्याहून पहिली बस पकडल्याचं सार्थक वाटलं असतं.

"लग्नापासून मीच करतो," हेगडे म्हणाले. "हिच्या हाताला बाकी सगळ्याची चव आहे. कषायाची तेवढी नाही. काय गं?"

"नाहीच मुळी," दाराच्या चौकटीला टेकलेली त्यांची बायको नागवेणी म्हणाली, आणि जमिनीचा दावा जिंकलेल्या माणसाने कोर्टाच्या पायऱ्या उतराव्यात तशी शांतपणे आत निघून गेली.

शाल्मलाने पेला खाली ठेवला. दीड वर्षापूर्वी हेगड्यांना तिच्या वॉर्डात आणलं तेव्हा ते अन्नाला शिवत नव्हते. दिवसभर उताणे पडून छताकडे बघायचे. छतात बघण्यासारखं काही असतं तर गोष्ट वेगळी. दवाखान्याचं छत होतं, त्यात एक पंखा, तोही बंद. उपचार सुरू करण्याआधी शाल्मलाने स्वतः त्यांच्याजवळ बसून आयुष्याबद्दल प्रश्न विचारले होते. लग्न कुठे झालं, घरात कोण काय करतं, कुणाशी पटतं, कुणाशी पटत नाही. उत्तरं एकदोन शब्दांत, बऱ्याच वेळाने मिळाली, पण पक्की मिळाली. स्वयंपाकघरात आपण कधी पाऊल टाकलेलं नाही. मेहुण्याशी बांधावरच्या फणसावरून बोलणं बंद आहे. नागवेणीने तेव्हा शेजारून दुजोराही दिला होता, "ह्यांना चूल कुठल्या भिंतीला आहे तेही ठाऊक नाही, डॉक्टरम्मा."

त्यानंतर वीज. गावाकडे सगळे 'करंट' म्हणतात. झोपेचं औषध देऊन, डोक्याच्या फक्त उजव्या बाजूने, अगदी बारीक बारीक झटक्यांत. शाल्मलाच्या संशोधनाचा मुद्दाच हा होता की अशा विजेने उदासीचा आजार उतरतो आणि आठवणी जागच्या जागी राहतात. अर्ध्या रुग्णांना जुन्या पद्धतीने, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी दिलं, अर्ध्यांना नव्या. कुणाला कुठली मिळाली हे नंतर प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरला कळता कामा नये, म्हणून केसांतल्या मलमाच्या खुणा झाकायला सगळ्यांना सरसकट लोकरीच्या कानटोप्या. ऐन वैशाखात वॉर्डभर माणसं कानटोप्या घालून घाम पुसत बसलेली असायची, आणि भेटायला आलेले लोक बाहेर जाऊन सांगायचे, करंटने थंडी भरते म्हणून.

निकाल चांगला आला. गेल्या महिन्यात निबंध इंग्लंडात छापून आला. त्यात एक वाक्य शाल्मलाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: नव्या पद्धतीच्या एका रुग्णाच्या जुन्या आठवणींचा मात्र गंभीर ऱ्हास झाला. परदेशी परीक्षकांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. त्या कौतुकाने तिची झोप उडाली.

तो एक रुग्ण आता चुलीपुढे बसून निखारे मागे ओढत होता. उपचारानंतर त्याने टोपीखालून ठणकावून सांगितलं होतं, की सकाळचं कषाय मीच करतो आणि मेहुणा म्हणजे माझा जीव की प्राण आहे.

"मेहुणे कसे आहेत?" शाल्मलाने विचारून बघितलं.

"देवमाणूस," हेगडे म्हणाले. "दर रविवारी जेवायला असतो." हे म्हणताना त्यांनी जबडा किंचित आवळला. शाल्मलाला वाटलं, दाढ दुखत असेल.

तिकडे वॉर्डात रत्ना नावाची एक बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती बाळाकडे बघत नव्हती आणि दोन दिवसांपासून पाण्यालाही तोंड लावत नव्हती. घरच्यांनी विजेला होकार दिला होता. नवऱ्याने एवढंच विचारलं होतं, "बाळ आपलं आहे हे तिच्या लक्षात राहील ना?" शाल्मलाला 'हो' म्हणता आलं नव्हतं. विभागप्रमुख म्हणाले, "निबंध तुझा, वाक्य तुझं, तूच ठरव. पण दुपारपर्यंत ठरव." ती म्हणाली, एक माणूस बघून येते आणि फोन करते.

आता माणूस बघून झाला होता. हेगड्यांनी पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या वाळलेल्या बुंध्याची टोपी डोक्यावर चढवली, "बागेत जाऊन येतो, तंगी, तू जेवूनच जायचंस," असं म्हणाले आणि निघाले. धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं ते तिला पहिल्यापासून तंगी म्हणत. निदान तेवढं त्यांच्या लक्षात होतं.

शाल्मला उठून मागच्या अंगणात गेली. नागवेणी विळीवर बसून सुपाऱ्या सोलत होती.

"नागवेणक्का, हेगडे कषाय कधीपासून करतात?"

"लग्नापासून."

"नागवेणक्का."

विळीवरची सुपारी विळीवरच राहिली. नागवेणीने एकदा बागेच्या वाटेकडे बघून घेतलं.

"वॉर्डात सगळ्यांचंच चाललं होतं," ती म्हणाली.

"काय चाललं होतं?"

"तयारी. तुम्हीच म्हणालात ना, हेच प्रश्न परत विचारणार? प्रश्नपत्रिका आधीच हातात दिल्यावर कोण माणूस नुसता बसेल? शिकारीपूरच्या त्या म्हाताऱ्याची सून तर त्याला उठल्या उठल्या विचारायची, तुमच्या लग्नात गोड काय होतं सांगा. चुकला की उपमा नाही."

शाल्मला पायरीवर बसली. डोक्यात तिचा सगळा निबंध, त्यातले आलेख, तळटीपा, सगळं एकदम उभं राहिलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कानटोपी होती.

"सगळेच? जुन्या पद्धतीचेसुद्धा?"

"आम्हाला काय ठाऊक, कोण जुना आणि कोण नवा? टोप्या घातल्यावर सगळे सारखेच दिसायचे. सगळ्यांचीच घोकंपट्टी चालायची. काहींचं पाठ व्हायचं, काहींचं नाही व्हायचं. त्या म्हाताऱ्याचं शेवटपर्यंत नाही झालं, बिचारा उपाशी राहायचा."

म्हातारा जुन्या पद्धतीचा होता. हे शाल्मलाला माहीत होतं. तिचा श्वास थोडा मोकळा झाला. सगळ्यांनी सारखीच कॉपी केली असेल तर तुलना मोडत नाही. 'आठवणी जागच्या जागी' या शब्दांचा आवाज तेवढा खाली आणावा लागेल. तसं पत्र मासिकाला लिहावं लागेल. इंग्लंडच्या लोकांना उपमा समजावून सांगावा लागेल.

"म्हणजे कषायही तुम्हीच पाठ करून घेतलंत."

"नाही हो." नागवेणीने सुपारी टोपलीत टाकली आणि दुसरी घेतलीच नाही. "बाकीचं घेतलं पाठ करून. कषायाचं तसं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या करंटनंतर ते जागे झाले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, नागवेणी, सकाळ झाली, कषाय कोण करतंय? चार महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. चार महिने, डॉक्टरम्मा. पाणी हवं का विचारलं तरी उत्तर नसायचं. मी इतकी गडबडले की तोंडातून निघालं, तुम्हीच करता ना."

"मग?"

"मग उठून बसले. पाय खाली सोडले. म्हणाले, मग भांडं दे. मी नर्सबाईंकडून केटली मागून आणली." तिने पदराने हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. "दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होते. पण ते पहाटेच उठून वाट बघत बसले होते. वाटलं, नाही तुम्ही करत असं म्हटलं आणि परत आडवे झाले तर? म्हणून मग राहू दिलं."

"आणि मेहुणे?"

"तो माझा सख्खा भाऊ आहे," नागवेणी म्हणाली. "चालू वर्गात एक धडा जास्तीचा घातला, एवढंच."

शाल्मलाला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. म्हणजे गोष्ट तिला वाटली होती त्याहून वाईट होती. या माणसाचं डोकं नुसतं रिकामं झालं नव्हतं, रिकामं झाल्यावर ते बायकोने भरलं होतं. कषायाने आणि सख्ख्या भावाने. उद्या रत्नाच्या डोक्यात तिचा नवरा काय भरेल? सासू काय भरेल?

ती बागेच्या उताराला लागली. पोफळींच्या रांगांतून आवाज येत होता, मोठा, ठासून बोलणारा:

"महाराज, सैन्य मोजून झालं असेल तर आता विधवा मोजू या! आकडा एकच येईल, पण आपण आपलं मोजून घेऊ!"

हेगडे एका उंच पोफळीशी भांडत होते. पोफळीकडे राजाचं काम होतं. संध्याकाळी देवळात ताळमद्दळे होतं. त्यात नाच नाही की रंगरंगोटी नाही. गाणारा पद म्हणतो, मृदंगासारखं मद्दळे वाजतं, आणि ओळीने मांडी घालून बसलेली माणसं आपापल्या पात्राची बाजू घेऊन जागच्या जागी बोलत सुटतात. लिहिलेलं काही नसतं. हेगडे या कामात पंचक्रोशीत नावाजलेले होते. त्यांचा आजारही लोकांना तिथेच कळला होता. पात्राने उत्तर द्यायची वेळ आली आणि ते मद्दळ्याकडे बघत नुसते बसून राहिले.

शाल्मलाला बघून त्यांनी टोपी काढली. पोफळ सुटली.

"ये. बस. त्या दगडावर नको, तो फोनचा आहे. गावात रेंज फक्त त्याच्यावर मिळते, म्हणून त्याला रिकामा ठेवतो." ते स्वतः पालापाचोळ्यावर बसले. "बोललीस का नागवेणीशी?"

"बोलले."

"मग तुझ्या त्या परीक्षेत मी नापास झालोय, हो ना?"

शाल्मलाने मान डोलावली.

"वाटलंच. तो पोरगेलासा डॉक्टर प्रश्न विचारत होता. मेहुण्याचं उत्तर दिलं तेव्हा त्याने आधीचा कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि मला पाणी विचारलं." हेगड्यांनी टोपीतली मुंगी हळूच बाहेर काढली. "तंगी, मी जन्मात पहिल्यांदा आमचं स्वयंपाकघर आतून बघितलं ते तुझ्या दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी. चूल दक्षिणेच्या भिंतीला आहे. मला वाटायचं पूर्वेला असेल."

शाल्मला फोनच्या दगडावर बसली. तो रिकामा ठेवायचा असतो हे ती विसरली.

"तुम्हाला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तू मला विचारलंस तेव्हा निळी साडी होती. मी म्हणालो, मेहुण्याने फणस चोरले. चोरलेच आहेत. बांधावरचं झाड माझं आहे, तलाठ्याला विचार." मग त्यांनी टोपी झटकली. "सगळं नाही म्हणत मी. दवाखान्यात कसा आलो ते नाही आठवत. मुलगी येऊन रडून गेली म्हणतात, तेही नाही. मधले काही आठवडे गेले ते गेले. जागा झाल्यावर घटकाभर तर नाव सांगायचीही पंचाईत असायची. कषायाचं मी खरंच विचारलं असणार, तेव्हा काही कळत नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत कळलं होतं."

"मग दीड वर्ष..."

"दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो," हेगडे म्हणाले. "पहाटे उठून बसलो होतो त्यासाठीच. पण ही केटली हातात घेऊन आली आणि अशी बघत राहिली, जशी पहिल्या रांगेतली माणसं बघतात. आता बोलेल, आता बोलेल. त्याआधी चार महिने माझ्याकडे स्वतःहून बोलायला एक वाक्य नव्हतं, तंगी. कुठल्याच माणसाचं काम मला जमत नव्हतं, माझं स्वतःचंसुद्धा. आणि हिने एक काम दिलं. लहानसंच. पण रोज सकाळी प्रवेश आहे."

"पण ते खोटं आहे."

"आमच्याकडे काम वाटून मिळतं. राजा मिळाला की राजा, गुराखी मिळाला की गुराखी. मिळालं ते मनापासून बोलायचं. मध्येच उठून, मंडळी, मी मुळात सुपारीवाला आहे, असं सांगायची पद्धत नाही." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "कषाय सोपं आहे. मेहुण्यावर प्रेम, हे मात्र फार मोठ्या कलावंताचं काम. रविवारी मी थकून जातो."

आणि मग शाल्मलाला हसू आलं. ते थांबेना. महिनाभर न आलेली झोप, ते वाक्य, कानटोप्या, उपाशी म्हातारा, सगळं मिळून हसू येत राहिलं, आणि तिने डोळे पुसले तेव्हा ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं. हेगडे तोंड वळवून पोफळींचे शेंडे बघत बसले.

"आता तुला एक सांगतो, ते तुझ्या प्रश्नांत नव्हतं," ते म्हणाले. "देवळात मी गप्प बसलो होतो ना त्या दिवशी, समोर तोच होता. फणसचोर. त्याच्याकडे राजाचं काम, माझ्याकडे मंत्र्याचं. मी बोलेना तेव्हा तो म्हणाला, मंत्री बोलत नाहीत, पण त्यांच्या मनातलं मी जाणतो. आणि माझी बाजूही तोच मांडत सुटला. अर्धा तास. शेवटी स्वतः हरला. मला जिंकवून हरला." त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "त्यामुळे काम अगदीच अवघड आहे असंही नाही. फणस मात्र त्यानेच नेले."

शाल्मलाने फोन काढला. बसल्या जागी रेंजच्या काड्या पूर्ण भरल्या होत्या.

"मी निबंधात दुरुस्ती पाठवणार आहे. तुमचं नाव येणार नाही, पण जे झालं ते लिहावं लागेल."

"लिही की. इंग्रजीत ना? मग लिही. नागवेणी कन्नड पेपर वाचते, तोही मृत्यूच्या बातम्यांपुरता. फक्त मला सगळं आठवतं हे तिला सांगू नकोस. चारचौघांत आपली फसवणूक उघडी पडली असं वाटेल तिला. आणि माझं काम जाईल."

शाल्मलाने मान हलवली आणि वॉर्डात फोन लावला.

"रत्नाची तयारी करा. उद्या सकाळी पहिली. हो, उजव्या बाजूने." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नवऱ्याला सांगा, मधले काही दिवस पुसट होतील, ते परत येतील असं नाही. बाळ लक्षात राहील, अशी मला खात्री वाटते. आणि त्याला म्हणावं, तिला काही पाठ करून घेऊ नकोस. नाही, टोपी नको. टोपीचं काम संपलं."

दुपारचं जेवण झालं. बसची वेळ झाली तसे हेगडे म्हणाले, "थांब, घोटभर कषाय घेऊन जा," आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता आत गेले. नागवेणी अप्पेमिडीच्या लोणच्याची बरणी घेऊन शाल्मलाबरोबर फाटकापर्यंत आली. अख्ख्या बाळकैऱ्या खारात डुंबत होत्या.

"डॉक्टरम्मा," ती बरणीवर फडकं बांधता बांधता म्हणाली, "बागेत त्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला सांगू नका."

"नाही सांगणार."

"विचारतही नाही मी." फडक्याला तिने एक गाठ मारली, मग दुसरी. "तीस वर्षं पहिल्या रांगेत बसून ऐकतेय मी त्यांना. केव्हा स्वतःचं बोलतात आणि केव्हा पात्राचं, मला कळणार नाही? स्वतःचं बोलताना आवाज बारीक असतो. लग्नापासून मीच करतो, हे म्हणताना अस्सा खणखणीत लागला." तिने बरणी शाल्मलाच्या हातात दिली. "ज्या दिवशी मला कळलं हे थापा मारतायत, त्या दिवशी मी देवळात नारळ फोडून आले. म्हटलं, सुटलो. माणूस बरा झाला."

 शाल्मलाने दोघांनाही दिलेला शब्द एकच होता: नागवेणीला काही सांगायचं नाही.

आतून हेगड्यांचा आवाज आला, "नागवेणी, पातेलं कुठाय गं?"

"मोरीत आहे, खरकटं," नागवेणीने फाटकातूनच ओरडून सांगितलं. मग तिने शाल्मलाकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि आवाज थोडा चढवला. "दुपारची भांडी तुम्हीच घासता ना लग्नापासून!"

 एक कोंबडी अंगण ओलांडून गेली. शाल्मला बरणी छातीशी धरून उभी राहिली.

"हो की!" आतून खणखणीत आवाज आला. "बघ, हे मात्र साफ विसरलो होतो!"

आणि मोरीत पाणी पडल्याचा, मग भांड्यावर भांडं लागल्याचा आवाज यायला लागला.